मुळाशी ओल

शरच्चंद्र : वहिनी, ट्रंका बांधून झाल्या. मंगळवारी भोपाळची गाडी आहे. आता तरी त्या निवडुंगाचा हट्ट सोडा.

इंदुताई : हट्ट कसला, भावजी? राजधानी भोपाळला गेली, तुमचा तबादला झाला, तुमच्या मागे मी मुकाट्यानं निघालेच ना? हा एक गमला बरोबर येईल, एवढंच म्हणते.

शरच्चंद्र : काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात. दादा ऐकायचा नाही, म्हणून आम्ही गप्प.

इंदुताई : संस्थान विलीन झालं, सरदारांच्या बागेतलं झाडांचं काचघर मोडलं, त्यात ह्यांची तिथली नोकरी गेली. लोकांनी तिथल्या काचा नेल्या, खुर्च्या नेल्या. हे रुमालात लिंबाएवढा हिरवा गोळा घेऊन आले. होळीच्या सुमारास गुलाबी फुलांचं कडं येतं त्याला. ह्यांच्या हातचं जितं असं एवढंच उरलंय. जरा हात लावून बघा.

शरच्चंद्र : खालून मऊ लागतंय.

इंदुताई : कुजतंय. रोज सकाळी माती ओली असते. मी थेंब घालत नाही.

शरच्चंद्र : दव पडत असेल.

इंदुताई : छपराखाली? आधी वाटलं, हेच येतात. भीती नाही वाटली. उलट बरं वाटायचं. पहाटे जागी राहून कान देऊन पडायची. पण दिवाळी ते होळी पाणी बंद, हा ह्यांचाच नियम. ह्यांचं भूतसुद्धा पौषात पाणी घालणार नाही!

शरच्चंद्र : शेजारचं कुणी...

इंदुताई : दाराला आतून कडी असते. घरात आपण दोघंच.

शरच्चंद्र : ...मीच घालतो, वहिनी.

इंदुताई : तुम्ही? अहो, का?

शरच्चंद्र : ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. दादा दुपारभर मागत होता. "शरद, घोटभर दे रे." मी नुसता ओला बोळा ओठांना लावत राहिलो. संध्याकाळी तो गेला. दहावं झालं, तेरावं झालं, तर्पण केलं. पण अंघोळीचा तांब्या उचलला की तो मागतो. अजून मागतो. मग ते पाणी इथे ओततो. त्याच्या हातचं झाड, म्हणून.

इंदुताई : आणि त्या झाडालाच पाणी सोसत नाही.

शरच्चंद्र : मला कुठे ठाऊक होतं? आपल्याकडे झाड म्हटलं की पाणी घालायचं, एवढंच शिकवलेलं. मारलं मी तेही.

इंदुताई : भावजी, त्या दिवशी तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात ना?

शरच्चंद्र : हो. चारच्या सुमाराला.

इंदुताई : मी पाणी दिलं तेव्हा. फुलपात्रातून. डोकं वर धरून.

शरच्चंद्र : वहिनी!

इंदुताई : दोन तासांत गेले. नऊ महिने झाले. माझ्याच पाण्यानं गेले, म्हणून कुणाला बोलले नाही. तुमच्या पानात वाढताना मान वर करत नव्हते मी.

शरच्चंद्र : पाण्यानं नाही हो. पोट उघडलं तेव्हाच डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आत सगळं नासलंय, आजची रात्र निघणार नाही. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

इंदुताई : ठाऊक होतं? मग पाणी का नाही दिलंत?

शरच्चंद्र : वाटलं, डॉक्टरांचं सगळं ऐकलं तर... वाचेल.

(इंदुताई गमला दोघांच्या मध्ये ओढून घेतात.)

इंदुताई : विळी घ्या ती. वरचं अजून घट्ट आहे. हे असंच करायचे. कुजकं कापून टाकायचं, उरलेलं आठ-दहा दिवस कोरडं ठेवायचं, मग रेतीत लावायचं. कागदात गुंडाळून नेऊ. गमला राहू दे इथेच.

शरच्चंद्र : जगेल?

इंदुताई : बघू. जरा वरून कापा... हां, इथून.

शरच्चंद्र : वहिनी, पोटभर प्यायला का हो तो?

इंदुताई : हो. शेवटी हातानंच "पुरे" म्हणाले.