कट्यारीशी लागलेलं लगीन

...आणि पासपोर्टाच्या कचेरीतला तो कारकून मलाच इचारतो, "कागद कुठाय?" अवो, लग्नाला कागद? तुमास्नी सांगते, आमच्या कंग्राळीत आजवर कुणाच्या लग्नाला कागद लागलाय व्हय? हळद लागते, अक्षता लागतात, झालं! पर ह्या मनुबाईला, म्हंजे मला, जायचंय नैरोबीला, नवऱ्याकडं. तिथं जायचं तर पासपोर्ट पायजे, पासपोर्टाला नवऱ्याची हमी पायजे, ती बिचारी हमी बोटीनं आली, दोन-दोन शिक्के मारून, की बायकोला मी पोसीन, सरकारवर भार टाकणार न्हाय... आणि हरिभाऊ कारकून चष्म्यावरनं बघत म्हणतो, "हे ठीक. पण तुम्हीच त्यांची पत्नी, याचा कागद कुठाय?"

मी डोरलं दाखवलं. म्हणतो, "हे बाजारात मिळतं." माझे मामंजी, म्हंजे सासरे, भावकू पाटील, मान ताठ करून म्हणाले, "मी हाय की बाप!" तर म्हणतो, "बाप तुम्ही मुलाचे, लग्नाचा पुरावा निराळा." मग मला इचारलं, "लग्नात नवरदेव हजर होते?"

आता खोटं कशाला बोला? म्हटलं, "न्हाय. त्यांची कट्यार हजर हुती."

हरिभाऊंची लेखणी जी थांबली, ती थांबलीच!

त्याचं असं झालं बघा. धनी तिकडं नैरोबीत रेल्वेच्या कारखान्यात फिटर. रजा मिळाली, तिथी धरली, मांडव घातला... आणि तार आली, रजा रद्द! माझा बाप मटकन खालीच बसला. मामंजी म्हणाले, "व्याही, लापशी शिजलीया, आता मागं फिरायचं न्हाय." देवघरातली आज्या-पणज्याची कट्यार काढली. गंज एवढा, की कांदासुदिक कापायची न्हाय! तिला फेटा गुंडाळला आणि माझा दीर रवळू ती धरून उभा ऱ्हायला. अंतरपाट निघाला, मी लाजत-लाजत वर बघितलं... समोर मूठ! हार घातला, तो घसरून रवळूच्या पायात. आणि सासूबाई कट्यारीची दृष्ट काढतायत! म्हंजे नवरा मी अजून बघितलाच न्हाय. एक फोटू हाय, त्यात टोपीची सावली तोंडावर.

पर पत्रं येतात हो! शाळेचं मास्तर वाचून दाखवतात, निम्मी गल्ली ऐकाय बसती. एकदा लिवलं, "चहा दोघांचा करतो आणि दोन्ही कप मीच पितो." मास्तरांनी चष्मा पुसला, मी आत जाऊन रडले. खरं सांगते, मला लई जावंसं वाटायला लागलं. दोन वर्सं झाली, दुसरा कप तिथं निवतोय. आणि हे कचेरीवाले म्हणतात, कागद कुठाय?

शेवटाला हरिभाऊ कंटाळून म्हणाले, "लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार आणा. साहेब स्वतः विचारतील. त्यांची खात्री झाली तर ठीक, नाहीतर अर्ज परत."

दोन! अवो, गावात दोघांचं नाव घ्या, बाकीचे जल्मभर बोलतील का? "आमी काय लग्नात न्हवतो व्हय?" झालं! सोमवारी चार गाड्या जुंपल्या, चाळीस माणसं, भाकऱ्यांची गठुडी, आणि मधी फेटा बांधून कट्यार. हरिभाऊ दारातच म्हणाले, "अरे देवा!"

साहेबांनी पहिल्यांदा नागुबाई आत्तींना, म्हंजे धन्यांच्या आत्याला, बोलवलं. "बाई, लग्नात काय पाहिलंत?" आत्ती म्हणाल्या, "बघायचं काय, सायेब? मानाचं लुगडं हिरवं ठरलंवतं, माझ्या हातात पिवळं ठेवलं! मी जेवलेच न्हाय." साहेबांनी मष्णूकाकांकडं बघितलं. काका म्हणाले, "पिवळं तर पिवळं, मिळालं तरी! मी नवऱ्याचा चुलता, आणि पयला पाट मामाला?" मामा, म्हंजे धन्यांचे गुंडूमामा, मागनं वरडले, "मग कुणाला? मामाचा मान पयला! आणि आमटी? नुसतं पाणी!" आमटीचं नाव काढल्यावर माझी आई गप बसंल व्हय? "पाच शेर डाळ घातलीती मी!" मग जी जुंपली! कानडी, मराठी, काय सुचंल त्या भाषेत! मामंजी डोकं धरून बसलेले, शिपाई पळालेला, आणि मी मनात म्हणते, गेली गं बया नैरोबी!

आणि साहेब... हसत हुते! डोळ्यातनं पाणी येस्तवर. म्हणाले, "हरिभाऊ, खोट्या लग्नात कुणी मानपानावरून दोन-दोन वर्षं रुसतं का? लिहा. लग्न झालं आहे. माझी खात्री पटली."

ठाप! शिक्का बसला. मी तिथंच आत्तींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "ऊठ गं. पर लुगडं पिवळंच हुतं."

आता पुढच्या म्हयन्यात बोट. पत्र्याची पेटी भरून झालीया, दिराबरोबर मुंबईपतोर जायचं, तितनं पुढं पाणीच पाणी. मैतरणी म्हणतात, "मने, नवरा बघितलेला न्हाय, बंदरावर उतरलीस आणि मनाला आला न्हाय तर गं?"

काय सांगू? तीन म्हयने कचेरीत वरडून-वरडून सांगितलंय, त्योच माझा नवरा, त्योच माझा नवरा... चाळीस साक्षीदार घालून! आता कसा का निघंना, न्हाय म्हणाय तोंड ऱ्हायलंय व्हय मला?