माझे हात आणि सासूबाईंचा पाक

...आणि मी मागितलं काय होतं हो? चिमूटभर जागा आणि एक दिवस! मनगटाच्या आत इवलासा पाक लावायचा, ओढायचा, वर जे काय ते शिंपडायचं, उद्यापर्यंत थांबायचं, कातडी तांबडी झाली नाही तर मग खुशाल दोन्ही हातांचे केस काढायचे... एवढंच! पण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात असं काही मागणं म्हणजे, तुम्हाला सांगते, त्यांनी वाढलेलं ताट आधी मांजरापुढे सरकवण्यासारखं!

कारण असा पाक म्हणे अख्ख्या अलेक्झांड्रियात कुणाला जमत नाही. साखर, लिंबू, पाणी, चहाच्या रंगावर आला की उतरवायचा, कोमट झाला की ओल्या हातानं मळायचा, मळायचा, आणि सोनेरी गोळा झाला की आलाच तो तुमच्या दंडावर! चार मजल्यांवरच्या बायका या हाताखालून गेल्यात... आणि शेवटी काय, तर लिंबाच्या वासाच्या कोलोनचा सपकारा! त्यालाच तर भिते मी. पाच महिन्यांपूर्वी, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, असंच कुणीतरी प्रेमानं शिंपडलं, आणि सगळ्या फोटोंत मी खांद्यापर्यंत डाळिंब! आता परवा नणंदेची, निहालची मेंदी, माझा ड्रेस बिनबाह्यांचा... मग चिमूटभर जागा आणि एक दिवस मागू नको?

मागितला. म्हणजे पुटपुटले. माझं बोलणं तेवढंच.

"चाचणी?" सासूबाईंचा गोळा हवेतच थांबला. "माझ्या हाताची? निहाल, ऐकलंस? तुझी वहिनी माझी परीक्षा घेतेय!"

"घेऊ दे की आई. नापास झालीस तर मी पार्लरला जाते."

झालं! आगीत तेल!

"हेशाम! इकडे ये! हात पुढे कर!"

आता यात नवरा कशाला? तर म्हणे नवरा-बायको एकच, त्याला काही झालं नाही तर हिलाही होणार नाही! हे कुठलं शास्त्र हो? पण बोलतंय कोण? तो बिचारा फुटबॉल बघता बघता उठून आला, हात पुढे, मान अजून टीव्हीकडे... सासूबाईंनी गोळा थापला आणि सर्रकन... अशी किंकाळी, अशी किंकाळी, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "गोल झाला का?" वर कोलोन! "बघ पोरी, झालं काही?"

तेव्हा नव्हतं झालं. तासाभरात झालं! हातावर हा एवढा तांबडा चौकोन, त्यावर पुरळ, आणि घरभर धावपळ, कुणी दही आणतंय, कुणी पंखा फिरवतंय... "नुसती गार पाण्याची पट्टी ठेवा, बाकी काही लावू नका," मी म्हटलं. ऐकतंय कोण? चिमूटभर जागा आणि एक दिवस, मी मागितलेलं सगळं मिळालं की त्याला!

सासूबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, पोरी, तुझंच खरं होतं. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा हाताकडे...

"जन्मात कधी याला पुरळ आलं नाही. पाच महिने झाले लग्नाला, आणि हिची कातडी लागली गं माझ्या पोराला!"

"असेल," हेशाम म्हणाला!

मेंदीला मी ऑगस्टच्या उकाड्यात पूर्ण बाह्या घालून कोपऱ्यात बसले, केसांसकट. आणि सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीच्या कानात मायेनं सांगत होत्या, "जरा लांबूनच भेटा हं सुनेला, लागतं ते!"

मग काय... मीच दोन खुर्च्या लांब सरकले.