आडव्या माणसांचा पडाव

माननीय अध्यक्ष जयराम गुरुजी, प्रमुख पाहुणे रेतीवाले सदानंदशेठ, व्यासपीठावर घामाघूम बसलेली थोर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती परशुराम पडाववाले, आणि खाडीच्या दोन्ही तीरांवरून आलेल्या भावांनो, बायांनो,

मी जुव्यावरची सुगंधा. जुवा म्हणजे खाडीच्या मधलं आमचं बेट. शेठ, हे तुमच्यासाठी सांगितलं, बाकीच्यांना ठाऊक आहे. शाळेत मी फक्त पावसाळ्यात गेले, कारण शाळेचं छप्पर आमच्या घरापेक्षा कमी गळायचं. तेव्हा भाषण कसं होईल ते होईल. तो टेपरेकॉर्डर चालू आहे ना? चालूच ठेवा.

परशुराम इतकी वर्षं वल्हवलेला पडाव शेठना विकून उद्याच्या एसटीने मुंबईला, लेकाकडे, बाबूकडे चाललाय. मला सांगितलंय, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोला. शोधून बघते.

आमची होडी एका आंब्याच्या खोडाची, अरुंद, सुरीसारखी. परशुरामाचा पडाव रुंद, फळ्यांचा. आमचे हे, म्हणजे महादूचे वडील, त्या पडावाला ‘पाण्यात सोडलेलो गोठो’ म्हणायचे. परशुराम काय ऐकून घेणाऱ्यातला? भर खाडीतून ओरडायचा, “धोंडू, तुझी ती होडी काय दात कोरूची काडी रे?” नाव त्याच्या तोंडचं हां, माझ्या नव्हे. एवढं होऊन संध्याकाळी दोघे नारळाच्या एकाच चुडतावर बसून एकच विडी ओढायचे. मैत्री म्हणावं तर तोंडात शिव्या, वैर म्हणावं तर विडी एक. ह्याला गुरुजींच्या पुस्तकात काय शब्द आहे?

पण खाडीवर एक रीत आपोआप पडली. बसलेली माणसं आमची, आडवी माणसं परशुरामाची. होडीत आडव्या फळ्या. त्या काढल्या तर होडी उकलते, ठेवल्या तर माणसाला पाठ टेकता येत नाही. म्हणून जो बसू शकत नाही, आजारी, बाळंतीण, साप चावलेला, तो पडावातून जायचा. परशुराम म्हणायचा, “वयनी, तुमच्या होडयेत माणूस मरूक पण आडवो होवचो नाय.” आम्ही हसायचो.

मग माझी सून यशोदा दुसऱ्या खेपेला अडली. भर आषाढ, आणि पडाव कौलं आणायला मालवणला गेलेला. आम्ही तिला होडीत बसवलं. महादू वल्हवत होता, ती समोर बसलेली. पैलतीराला लागल्यावरही ती तशीच बसलेली, तेव्हा त्याला कळलं की आपण एकटेच आलो.

परशुरामाला कोणी बोल लावला नाही. पण त्यानंतर पावसाळ्यात त्याचा पडाव खाडीबाहेर गेलेला कोणी पाहिलाय का? हात वर करा. बघा, एकही नाही. विचारलं तर म्हणायचा, “पावसात कौलां भिजतत.” ऐका! कौलं भिजतात म्हणून हा घरी!

हे झाले चार चांगले शब्द.

आता माझं रडगाणं. यशोदेची पोर कावेरी पहिलटकरीण, माझ्याकडे आलीय. पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते. नर्सबाई सांगून गेली, झोपूनच राहायचं, आणि वेळ आली की आडवीच आणायची, बसवून आणाल तर मला हाक मारू नका. आधीच पैलतीरी नेऊन ठेवा म्हणाल, तर तिथे आमचं कोण आहे? दवाखान्यात कळा लागल्याशिवाय खाट मिळत नाही. सासर मुंबईत, एका खोलीत दहा माणसं. पूल होणार म्हणून दर निवडणुकीला ऐकते. त्या पुलावरून आजवर फक्त पुढारी गेले.

मी परशुरामाच्या दारात जाऊन बसले. तो म्हणाला, “वयनी, शेठाक शब्द दिलंय.” शेठांकडे गेले. ते म्हणाले, “आजी, व्यवहार झाला.” शेठ, शाल तुमची, चहा तुमचा, आणि मी तुमच्यासमोरच विचारते, रागावू नका. पावसाळ्यात रेती कोण काढतं? पडाव तुमच्या आवारात उपडा पडून राहणार, खाली कोंबड्या बसणार. कोंबड्यांना दुसरी जागा नाही का हो? मी रात्रंदिवस त्या पोरीचे पाय चेपते आणि भरतीचा आवाज ऐकते. ह्या खाडीला मी कधी भ्यायले नव्हते. आता भिते.

गुरुजी, घड्याळ बघू नका. संपवते.

दर नारळी पौर्णिमेला होडीची आणि पडावाची शर्यत लागते. जिंकेल त्याचं एक मागणं, ते पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आत मागायचं, आणि हरणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. परशुराम एकदाच जिंकला. तेव्हा ह्यांना महिनाभर आमच्याच धक्क्यावर ‘पडाव इलो हो!’ असं ओरडायला लावलं त्याने. ओरडले बिचारे. गेल्या वर्षी हे जिंकले. परशुरामाने विचारलं, “माग, काय मागतंस?” हे म्हणाले, “इचार करून सांगतंय.”

विचार करता करता दिवाळीआधी गेले. मसणवट पैलतीरावर, म्हणजे पडावातूनच न्यायचे. परशुराम त्यांच्या उशाशी उभा राहून वल्हवत होता आणि त्यांना बोलत होता, “धोंडू, ‘मरान पण तुझ्या पडावात पाय ठेवूचंय नाय’ म्हणायचंस. पाय खंय ठेवलंस? आडवो इलंस. शब्द पाळलंस रे.” मी तिथेच बसले होते. त्याचे डोळे कोरडे नव्हते, माझेही नव्हते, पण ते जाऊ द्या.

तर परशुरामा, ते मागणं राहिलंय. शेठना शब्द दिलास ह्या जेठात, होडीला दिलास गेल्या श्रावणात. आधीचा कुठला? त्यांचं मागणं आज मी मागते. पडाव हवा आणि पडाववालाही हवा. उधाणात त्या गोठ्याला सरळ नेणं तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही, हे चाळीस वर्षांत आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी कबूल करतंय. टेपवर आलंय, गुरुजी. कावेरी आडवी जाऊ दे आणि बसून परत येऊ दे. मग तुला हवं तिथे जा.

सत्कार माझ्या हातून करायचं ठरलंय. ही घे शाल, शेठांची आहे, ऊब असेल. हा नारळ मात्र मी देत नाही. तो जुव्यावर परत नेते आणि कावेरीच्या उशाशी ठेवते. ती मूल घेऊन तुझ्या पडावातून धक्क्यावर उतरेल, त्या दिवशी हा तुझ्या ओंजळीत घालीन, पाया पडेन आणि मग निरोप देईन. उत्तर इथे देऊ नकोस, शेठांसमोर तुला अवघड. उद्या पहाटे धक्क्यावर बघेन, पडाव आहे की नुसता खुंटा आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, शेठांनी उठून न जाता ऐकलं, तुम्ही सगळे चहा निवत असताना बसून राहिलात, त्याबद्दल उपकार मानते. कुठे शब्द वाकडा लागला असेल तर म्हातारीचं वल्हं सटकलं असं समजा आणि पोटात घाला. बसते.