विमान शिवतो

(कोरीट, डिसेंबर १९६५. भटू शिंप्याचा ओटा. दुपारचं ऊन मशीनच्या पायापाशी आलेलं.)

रूपचंद : कात्री उचललीस, ठेवलीस. पुन्हा उचललीस, पुन्हा ठेवलीस. कापड आहे की साप?

भटू : थांब गड्या. बघू दे.

रूपचंद : अर्धा तास बघतोयस. नंदुरबारात इंदरचंदकडे गठ्ठा सुटला नि दुपारपर्यंत संपला. सप्टेंबरात लढाई झाली, सुरतेच्या लोकांनी लगेच कापडावर विमानं छापायला घेतली. इंदरचंदनं शेवटचं अडीच वार स्वतःच्या पोरासाठी काढून ठेवलं होतं. म्हटलं, पोराचं राहू दे शेठ, आमच्या गावात खरा विमानवाला आहे. आधी त्याच्या अंगावर.

प्रमिलाबाई : चहा ल्या, रूपचंदभाऊ. हाई काय नवीन? लुगडासवर बी असंच छापतीन का आते?

रूपचंद : बुशशर्टाचं आहे वहिनी. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला तुमचे हे खुर्चीवर बसणार, हा शर्ट घालून. शाळा समितीचा चेअरमन म्हणून मी बोलणार : 'मुलांनो, तुमच्यासमोर बसले आहेत कोरीटचे पायलट...'

प्रमिलाबाई : पंचेचाळीस वरीसना मानूस, नि अंगवर चिमन्यासना गत विमानं! पोरं झेंडा सोडीसन यासलेच सलाम करतीन.

भटू : रूप्या, हे कुठलं विमान? ओळख.

रूपचंद : मला विचारतोस? पाठीला कुबड असलेलं ते हरिकेन. एकावर एक दोन पंख, ते टायगर मॉथ. हे पोटफुगं डकोटा. अरे, पेपरातली चित्रं कापून कोठीच्या दाराला चिकटवलेली माझी. केळीला पाणी देताना वर आवाज आला की मी नावं घ्यायचो. बाप ओरडायचा, खाली बघ, पाट फुटला!

भटू : तुझं कधी चुकत नाही. छापणाऱ्याचं चुकलंय. एक तर ही सगळी मागच्या महायुद्धाची विमानं. त्याला बिचाऱ्याला जुनंच पुस्तक सापडलं असेल, ते जाऊ दे. पण हे बघ, हरिकेनला शेपटीपर्यंत रिपिटा काढल्यात.

रूपचंद : मग? पत्रा म्हटला की तो ठोकायला रिपिटा आल्याच.

भटू : पत्रा इथं संपतो. पायलट बसतो ना, त्याच्या थोडं मागं. तिथून शेपटीपर्यंत लाकडाच्या पट्ट्या. आणि वर कापड.

रूपचंद : कापड?

भटू : तुझ्या धोतरापेक्षा जरा जाड.

रूपचंद : चेष्टा करतोस. लढाईचं विमान नि धोतराचं?

भटू : बोटभर वाकडी सुई. मेण लावलेला दोरा. इंचाला आठ टाके, नि दर सहा इंचांवर दुहेरी गाठ. म्हणजे गोळीनं एखादा टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. तुझ्या अंगातल्या सदऱ्याला पण तशाच गाठी आहेत. हाताला सवय झाली, सुटत नाही.

रूपचंद : हे इतकं बारीक तुला कसं माहीत? पायलटनं टाके कशाला मोजायचे?

प्रमिलाबाई : चहा थंड व्हई ऱ्हायना.

भटू : पायलटनं नाही मोजले. मी मोजले. चार वर्षं मी तेच करत होतो रूप्या. जे विमान फाटून यायचं ते शिवायचो. मी कधी उडवलं नाही.

रूपचंद : उडवलं नाही म्हणजे? तू स्वतः लिहिलं होतंस! पत्र पाठ आहे मला. याच ओट्यावर वाचलं मी, सगळं गाव जमलं होतं. 'तीर्थरूप मातोश्रींस शिरसाष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. रोज विमान शिवतो. इथे केळीचा वास येतो.' बाकी सगळं पत्रं तपासणाऱ्या साहेबानं काळं केलेलं.

भटू : बरोबर. रोज विमान शिवतो.

रूपचंद : म्हणजे विमानाला शिवतो! हात लावतो. हात लावतो म्हणजे आत बसतो. आत बसतो म्हणजे...

भटू : 'विमानाला' लिहिलं नव्हतं. 'विमान' लिहिलं होतं.

रूपचंद : मला वाटलं, घाईत 'ला' राहिला. तुझी शाळा चौथीपर्यंतची, माझी सातवीपर्यंतची. विमान कोण शिवतो? विमान काय गोणपाट आहे? म्हणून वाचताना तो 'ला' मी घातला.

भटू : घातलास तो घातलास, चांगला गुंडीसारखा पक्का बसवलास.

रूपचंद : आणि केळीचा वास? मी तर तुझ्या आईला, जमनामायला सांगितलं, सरकार त्याला रोज केळी खायला घालतं. किती खूश झाली होती!

भटू : शिवून झालं की कापडावर एक रोगण लावायचे, ढोलासारखं ताणून बसायला. त्याला वास पिकल्या केळीचा. बाहेर आसामचा पाऊस, आत तंबूत तो वास. डोळे मिटले की तापीकाठ, तुमची बाग, तुझ्या बापाच्या शिव्या, सगळं जागच्या जागी. पहिल्या दिवशी रडूच आलं. आमचा पंजाबी सार्जंट म्हणाला, क्यों दर्जी, आँख में गया क्या? म्हटलं, हां जी.

रूपचंद : नि मी दर दिवाळीला विचारायचो, वरून नदी कशी दिसते? तू म्हणायचास, सुतासारखी.

भटू : पायलट सांगायचे ते ऐकलेलं. सूत मात्र माझं. शिंप्याचंच उत्तर होतं ते, तुझ्या लक्षात आलं नाही.

रूपचंद : वीस वर्षं गप्प बसलास?

भटू : सेहेचाळीस साली नंदुरबारला गाडीतून उतरलो, तर तू हार घेऊन उभा. मागं डफ. इथं दारात आई, हातात आरती. तिथं काय म्हणू, बाबांनो, डफ थांबवा, मी शिंपी होतो तो शिंपीच आहे? म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. पुढं एकदा दगा न्हाव्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, पायलट लोक फार नम्र असतात.

प्रमिलाबाई : आनि तवाच गाल बी कापा त्यानी.

भटू : पण आता पोरांसमोर नको. खुर्चीवर बसायचं तर खरं सांगूनच बसेन. नाही तर बसणार नाही. खोटं बोलून बसलेला माणूस वरून पडला तर कुठलाच टाका त्याला धरत नाही.

रूपचंद : सोपं आहे तुला. तू सांगशील नि मोकळा होशील. गाव मला काय म्हणेल? वाचणारा मी होतो. भटू, आठव जरा. भरतीला आपण दोघं निघालो होतो. गाडी हलायच्या आधी बापानं मला कान धरून खाली उतरवलं. केळी कोण बघणार म्हणून. तू खिडकीतून हात हलवत गेलास. मग वर्षभरानं ते पत्र. मला वाटलं, दोघांतला एक तरी वर पोचला. तो 'ला' मी चुकून घातला की जाणूनबुजून, मला नाही सांगता येत.

भटू : मला तुझा राग नाही रे.

रूपचंद : आणि जमनामाय? त्या पत्रावर तिनं गावभर गूळ वाटला. पाच वर्षं झाली तिला जाऊन. पोरगा आभाळात होता असं मनात घेऊन गेली. तिचं ते काढून घेणार तू?

भटू : तेच तर बोचतं. आईला सांगायचं राहिलं.

प्रमिलाबाई : त्यासले ठाऊक व्हतं.

भटू : काय?

प्रमिलाबाई : सासूबाईसले. पयल्या दिवसपासून. भाऊनी पत्र वाचं, गूळ वाटा, लोकं घर गयात. मंग त्या माले चूलपाशी म्हनेत, 'शिंपीनं पोऱ्यं शे, शिवतच व्हई. इमान कापडनं ऱ्हास, हाई माले काय माहीत? पन मन्हं पोऱ्यं लिखस शिवस, म्हनजे शिवस.'

रूपचंद : मग तेव्हाच का नाही बोलली?

प्रमिलाबाई : तुमनाकरता, भाऊ.

रूपचंद : माझ्याकरता?

प्रमिलाबाई : म्हनेत, 'रूपचंदनं तोंड देखं का वाचताना? बापनी त्याले गाडीवरथीन उतारं, तवापासून ते पोऱ्यं हसनं नव्हतं. आज हसनं. ऱ्हाऊ दे.' माले शपथ घाली, कोनले सांगजो नको. यासले बी नको. मी पंधरा वरीसनी नवी सून, मी काय बोलसू?

भटू : आणि मी तिच्यासाठी गप्प बसलो.

प्रमिलाबाई : तुम्ही त्यासनाकरता गप्प, त्या भाऊनाकरता गप्प, मी शपथनाकरता गप्प. या घरमा बोलनारं काय ते हाई मशीनच.

रूपचंद : पण वहिनी, विमान वरून गेलं की जमनामाय अंगणात यायची. मान वर करून काहीतरी म्हणायची. मी स्वतः पाहिलंय. सगळं गाव म्हणायचं, पोराला हाक मारतेय.

प्रमिलाबाई : हाक नही मारेत. हात जोडीसन म्हनेत, 'टाका धरजो रे बाप.'

रूपचंद : भटू.

भटू : काही नाही. रोगण गेलं डोळ्यात. रूप्या, ऊठ. उभा राहा. हात बाजूला कर.

रूपचंद : माझं माप कशाला घेतोस? कापड तुझ्यासाठी आणलंय.

भटू : मी पांढरा सदरा घालीन. नावं तुला पाठ, आवाज तुला ओळखू येतात, चित्रं तुझ्या दाराला. विमानं तुझी. माझं फक्त शिवण.

रूपचंद : मी? चेअरमन माणूस, चिमण्यांसारखी विमानं अंगावर? सगळी शाळा हसेल.

भटू : हसू दे. भाषण तेवढं नीट कर.

रूपचंद : म्हणेन, मुलांनो, हे भटू शिंपी. यांनी विमान शिवलं. आणि मग सांगेन, त्यात एक 'ला' मी घातला होता, तो आज काढून घेतो. बास?

भटू : बास.

रूपचंद : आणि शेपटीवरच्या या खोट्या रिपिटा?

भटू : त्यांच्यावरून हातानं टाके घालतो. इंचाला आठ. श्वास सोड रूप्या. छाती अशी फुगवलीस तर माप चुकतं.

प्रमिलाबाई : ऱ्हाऊ द्या. तेवढं कापड शे.