केवळबाईनं फवारा थांबवला

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. वैरी समोर उभा आहे, हातात हत्यार आहे — आणि तरी जो हात आवरतो, तो शूर की भित्रा? ...मागून आवाज आला, भित्रा! बरं. ऐका तर मग!

मांजरेच्या काठचं गाव. सोपान आणि त्याची बायको केवळबाई. सोयाबीन पाण्यात गेलेलं, सगळी भिस्त हरभऱ्यावर. हरभरा फुलावर आला — आणि आभाळ दाटलं! पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं कोंदट आभाळ. अशा हवेत कोण येतं, हे तुम्हाला मी सांगावं? घाटेअळी! आधी कोवळा पाला खरवडते, मोठी झाली की घाट्यात तोंड घालून दाणा फस्त!

सोपाननं फवारणीचा पंप भरून पाठीवर घेतला. एका पानावर दाण्याएवढी पांढुरकी गाठ चिकटलेली. "ही बघ, अंडी घातली सटवीनं!" म्हणत त्यानं अंगठा टेकवला — तोच केवळबाईनं मनगट धरलं!

"थांबा! ह्या गाठीशेजारी अळीचं कातडं हाय. रिकामं! आवं, हिला मारलं कुणी?"

"कुणी का मारंना! मला फवारू दे."

"मग मारणाराबी मरंल की!"

मंडळी, बाईला उत्तर ठाऊक नव्हतं. पण प्रश्न पडला होता!

दोघं तिथंच बसले. एक माशी आली — गांधीलमाशीच्या जातीची, पण डासाएवढी, बारीक कमरेची. मिशा थरथरवत पानापानावर चालली. बारकी अळी सापडली. शेपटाकडची सुई टोचली — टच्च! — आणि उडाली.

आणि अळी? खातच बसली!

"झालं समाधान?" सोपान ओरडला. "तुझी माशी गेली, अळी जेवतीय!"

केवळबाईनं त्या झाडाला चिंधी बांधली. "हिचं काय होतंय ते बघू द्या. मग फवारा."

सोपं आहे का हे? शेजारची रानं फवारून झाली. लोक बांधावरून हसतात, "सोपानराव, बायकोनं पंप लपवला का?" बाई रोज जाते, पानं उलटते. नवी कुरतड दिसली की चिंधीच्या झाडाकडं धावते... टाळकरी बुवा, टाळ इतक्यात नको, हात खाली! अळी अजून जिवंत आहे!

पण ती सुस्तावली. फिकी पडली. खाणं सुटलं. माशीनं आत अंडं घातलं होतं. त्यातून निघालेलं पिल्लू तिला आतून खात होतं! मी गोड करून नाही सांगणार. देवाच्या सृष्टीत हेही आहे.

एका सकाळी सोपानचा धीर सुटला. एक ओळ फवारलीसुद्धा! दुसरीकडं वळतोय तोच केवळबाईची हाक — "आवं, पळत या! आधी बघा!"

तो वाकला. अळीची कूस फाडून पांढुरका किडा बाहेर येत होता. तोंडातून रेशीम काढून स्वतःभोवती विणायला लागला. शेजारी अळीचं नुसतं कातडं! आणि बघता बघता तयार झाली — तीच गाठ!

सोपाननं मागं वळून फवारलेल्या ओळीकडं पाहिलं. पंप खाली ठेवला.

"मी एक ओळ मारली गं."

"बाकीच्या ऱ्हायल्या," ती म्हणाली.

पुढं गाठींना भोकं पडली, आतून माश्या निघाल्या आणि नव्या अळ्या शोधत रानभर पांगल्या. सगळा हरभरा वाचला का? नाही! बांधाकडचे घाटे गेले. पण घरापुरता आला, बियाण्यालाही उरला.

आता तुमच्याकडं वळतो. केवळबाई नुसती थांबली नाही, रोज जाऊन बघत होती. न बघता थांबणं, तो आळस! आणि न बघता मारणं? ते तर आपलं रोजचंच! सुनेचं अर्धं वाक्य ऐकलं, की आवाज चढला. भावाबद्दल काही कानावर आलं, की बोलणं बंद! त्या घटकेला कुणीतरी म्हणावं लागतं, "थांबा, आधी नीट बघा." खरं सांगा मंडळी — तुमच्या घरात हे तुम्हाला म्हणायची हिंमत अजून कुणाला उरली आहे?