काळा रंगवलेला पिंजरा

बसच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते. भाऊ विज्ञान केंद्रात विजेचा प्रयोग करून दाखवतो, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"दादा, काल विजा कडाडत होत्या आणि तुझी भाची गच्चीवर डोळे मिटून उभी! म्हणे, मामासारखं ध्यान लावलं की वीज काही करत नाही."

"बापरे! धड आहे ना ती?"

"दंडाला धरून ओढत आणली. हे खूळ तूच घातलंस."

"मी? अगं, मी तर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसतो!"

"कसला पिंजरा? तुझ्या प्रयोगात आम्हाला कडाडणारी वीज आणि धूर दिसला, आणि धुरात समाधी लावलेला तू."

"जाळी काळी रंगवलीय, अंधारात दिसू नये म्हणून. दिसली तर मजा जाते. पूर्वी हॉलमध्ये माश्या मारत बसायचो, आठवतंय ना?"

"आणि आता?"

"खचाखच भरतो."

"मग भरलेल्या हॉलला पिंजऱ्याचं सांग की!"

"रविवारी आण तिला. दिवे लावून दाखवतो."

"आणते. पण दादा, लोखंडातून तर वीज जाते. मग जाळीच्या आत बसलेल्याला ती लागत कशी नाही?"

"इतकी वर्षं प्रयोग करतोय, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. थांब, सांगतो."

बस आली. त्यांनी ती सोडली, म्हणून मीही सोडली.