दशरथची अकरा मिनिटं

...नाही, पण मी म्हणतो, चोवीस बिऱ्हाडं, चोवीस कॅसेटी, आणि अख्ख्या इमारतीत एकसुद्धा शिल्लक नसावी? अहो, त्या माणसाने दारोदार हिंडून स्वतःच्या हाताने वाटल्या होत्या! दशरथ हो, आमच्या समोरच्या दारातला, गिटारवाला. आम्ही मीरा रोडला राहायला आलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, पण समोर गिटार चालू होती. मुंबईत एका हॉटेलात जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे काय, तर... तुम्हाला सांगतो, मलाही नीट कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "नाना, चाल तेवढी ठरलेली, पुढे सुचेल ते. काल वाजवलं ते आज वाजवायचं नाही." म्हटलं, मजा आहे बाबा तुझी, आमच्या हापिसात कालचंच आज केलं नाही तर मेमो येतो!

तर ब्याण्णव साली ह्याने एका दिवसासाठी स्टुडिओ घेतला, साथीदार जमवले आणि स्वतःची कॅसेट काढली. आयुष्यातली एकुलती एक. तीस प्रती. चोवीस आम्हाला, पाच साथीदारांना, एक बापाला. स्वतःला? स्वतःला नाही! म्हणे, "वाजवलं ते गेलं, नाना."

बाप म्हणजे बबनदादा. भाईंदर पश्चिमेचे जुने कोळी. पोरगा होडीवर आला नाही म्हणून नऊ वर्षं त्याच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. डोळे गेले, पाय गेले, तेव्हा वासंतीने, दशरथच्या बायकोने, त्यांना इकडे आणलं. इकडे येऊनही बोलणं फक्त सुनेशी! पण कॅसेट? रोज! सकाळ-संध्याकाळ! त्यातलं शेवटचं, अकरा मिनिटांचं. ते लागलं की म्हातारा भिंतीकडे तोंड करून गप्प पडायचा आणि दशरथ बाहेर पॅसेजमध्ये चप्पल घालता घालता थांबायचा. आत जायचा नाही हं. मला म्हणायचा, "ऐकतोय म्हातारा." बस, एवढंच. पण चेहरा बघायला हवा होतात त्याचा!

आणि एक दिवस टेपरेकॉर्डरने ती कॅसेट खाल्ली. पार चोथा. वासंती निघाली घरोघर. शालूबेन म्हणतात, "अरे वासंती, वो? उसमें तो मैंने गरबा भर दिया!" वरचे अल्पेशभाई म्हणतात, "गाना ही नहीं था उसमें, हमको लगा खाली है!" आणि मी... आता काय सांगू तुम्हाला? मी त्या कॅसेटच्या कडेच्या भोकांत कागद कोंबून, म्हणजे वरून पुन्हा भरता येतं, आमच्या लेकीचं, रसिकाचं वक्तृत्वाचं भाषण भरलं होतं. 'पाणी हेच जीवन.' उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही हो! वासंती नुसती हसली. साथीदार पांगलेले, स्टुडिओतली टेप पुसलेली. अख्ख्या इमारतीत एकसुद्धा नाही!

तेव्हा बबनदादांनी हाक मारली. इतक्या वर्षांनी! "दशरथ, तुझाच हाय ना तो सूर? मग वाजव."

दशरथने वाजवलं. मी दारातच उभा. दोन मिनिटं झाली नसतील, म्हातारा म्हणाला, "ह्यो न्हाय." दुसऱ्या दिवशी, "ह्यो बी न्हाय." अहो, हॉटेलात गोरे लोक उठून टाळ्या वाजवायचे त्याच्यासाठी, आणि इथे आंधळ्या बापापुढे ह्याच्या हाताला घाम! आठवणार कुठून? जन्मभर जो माणूस कालचं विसरायलाच शिकला, त्याने करावं काय?

चौथ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "ऐक." आणि गुणगुणायला लागला. हूं... हूंहूं... हूं... फाटका आवाज, निम्म्यात दम लागायचा, पण न चुकता सगळी अकरा मिनिटं! पाठ! आणि मग शिकवणी सुरू झाली हो. बाप गुणगुणायचा, पोरगा वाजवायचा. "तिथं थांब. इंजान बंद केल्यावर होडी आपली आपण येते ना? तशी येऊ दे." पुन्हा. "घाई कसली तुला?" पुन्हा. खाली पाण्याचा टँकर भोंगा वाजवून वाजवून दमायचा, ह्यांच्याकडून कुणी बादली घेऊन उतरायचं नाही. मग त्यांच्या बादल्या मीच भरायचो. तेवढं तरी करायलाच हवं होतं मला.

दोन महिन्यांनी दशरथने ते सलग वाजवलं आणि म्हातारा म्हणाला, "हां. ह्योच." नंतर आठवड्याभरात बबनदादा गेले. माझ्या नात्यागोत्यातले नव्हते, पण मी इतका कधी रडलो नव्हतो.

आणि दशरथ? हॉटेलात ती अकरा मिनिटं रोज तश्शीच वाजवायला लागला. तसूभर फरक नाही! तिथले नवे साथीदार कुरकुरायचे, "बॉस, कुछ नया बजाओ ना." ह्याच्या कानावरून वारं.

परवा, म्हणजे पाच वर्षांनी, त्याचा जुना ड्रमवाला मस्कतहून रजेवर आला आणि त्याच्याकडे ती कॅसेट निघाली! चोवीस बिऱ्हाडांत एकसुद्धा नाही, आणि ही मस्कतहून यावी? लावली माझ्याच टेपरेकॉर्डरवर. आणि तुम्हाला सांगतो, हे वेगळंच होतं! सुरुवात तेवढी तीच. पण म्हातारा जिथे थांबवायचा तिथे हे थांबतच नव्हतं, पळत होतं. म्हातारा खाली आणायचा तिथे हे वर चढत होतं. म्हणजे बबनदादा दोन महिने शिकवत होते ते... मला दशरथकडे बघवेना हो.

त्याने डोळे मिटून अकराच्या अकरा मिनिटं ऐकलं. कॅसेट काढली, डबीत घातली, आणि शांतपणे मला म्हणाला, "हात बरा आहे ह्याचा, नाना. पण ह्याला कुणी नीट शिकवलेलं नाही."